नास्तिकाने बायबलमधला नरक कसा वाचावा

देव नाही असे मानणाऱ्या माणसाला नरकाचे भय नसते. पण नरकाविषयी वाद घालताना तो बहुधा चुकतो, कारण ज्या नरकावर तो तुटून पडतो तो बायबलच्या पानांपेक्षा चित्रांतून, प्रवचनांतून आणि लहानपणी दाखवलेल्या धाकातून त्याच्यापर्यंत आलेला असतो. मी अहमदनगरकडच्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. विशीत विश्वास सुटला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे "प्रेमळ देव माणसाला अनंतकाळ जाळतो कसा?" हा एकच प्रश्न परजत फिरलो. प्रश्न चुकीचा नव्हता, परंतु समोरच्याने शास्त्र उघडून "कुठल्या वचनाबद्दल बोलतोस?" असे विचारले की माझी बोलती बंद होत असे. ज्यांना विश्वास नसतानाही हा ग्रंथ सरळपणे वाचायचा आहे, आणि ज्यांच्या घरात किंवा मित्रपरिवारात विश्वासी माणसे आहेत, त्यांना उपयोगी पडेल अशी वाचनाची एक रीत पुढे मांडली आहे.

साहित्य फारसे लागत नाही. बायबल सोसायटीचे मराठी पवित्र शास्त्र, त्याच्या जोडीला दुसरे कोणतेही एक भाषांतर, आणि एक जाड वही एवढे पुरे. दुसरे भाषांतर म्हणून पंडिता रमाबाईंचे मिळाले तर उत्तमच. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ते एकहाती पुरे केले आणि १९२२ मध्ये त्या वारल्या. दोन भाषांतरे शेजारी ठेवली की भाषांतरकाराला कुठे अडचण आली आणि त्याने ती कशी निभावली, हे आपोआप दिसू लागते. प्रत्येक वचनाखालचा मूळ शब्द दाखवणारी संकेतस्थळे आता फुकट उपलब्ध आहेत, त्यामुळे हिब्रू-ग्रीक येत नसले तरी अक्षरे ताडून पाहता येतात.

पहिले काम: "नरक" हा शब्द बाजूला ठेवा

मराठी वाचकाच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे. "नरक" म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर यमदूत, चित्रगुप्ताची वही आणि उकळत्या तेलाच्या कढया उभ्या राहतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी आहे. पण तो नरक मुक्कामाचा असतो, पापाचा हिशेब फिटला की जीव पुन्हा जन्माच्या फेऱ्यात येतो. ख्रिस्ती परंपरेतल्या नरकाला परतीची वाट नाही. एकाच शब्दाखाली इतक्या भिन्न कल्पना नांदत असताना त्या शब्दावर वाद घालणे म्हणजे अंधारात लाठी फिरवणे आहे.

म्हणून वहीत चार रकाने आखावेत आणि त्यांवर शिओल, हेडीस, गेहेन्ना व टार्टारस या मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांची नावे घालावीत. भाषांतरात नरक, अधोलोक, कबर, मृत्युलोक असे काहीही लिहिलेले असो, मूळ शब्द पाहून ते वचन त्या त्या रकान्यात नोंदवावे. चौथा रकाना जवळजवळ रिकामाच राहील, कारण टार्टारसचा उल्लेख २ पेत्र २:४ मध्ये एकदाच येतो, आणि तोही माणसांसाठी नसून पाप केलेल्या देवदूतांसाठी आहे.

शिओलचा रकाना मात्र वहीची पाने खाईल. जुन्या करारात हा हिब्रू शब्द पासष्टच्या आसपास वेळा आला आहे. योसेफाला श्वापदाने फाडून खाल्ले अशी समजूत झालेला याकोब उत्पत्ती ३७:३५ मध्ये म्हणतो की मी शोक करीत शिओलात माझ्या मुलाकडे जाईन. आपला निरपराध मुलगा तिथेच गेला असणार, असे बापाने गृहीत धरले आहे. म्हणजे ती जागा पाप्यांसाठी राखलेली नाही, मेलेला प्रत्येक जण तिथे जातो. उपदेशकाचे पुस्तक तर याहून पुढे जाते: मृतांना काहीच कळत नाही (९:५), आणि शिओलात ना काम आहे, ना युक्ती, ना ज्ञान (९:१०). नास्तिकाने हे वचन वाचून क्षणभर थबकावे, कारण मरणाविषयीचे त्याचे स्वतःचे मत यापेक्षा फारसे वेगळे नसते.

आता १६११ च्या इंग्रजी राजाज्ञेच्या (किंग जेम्स) भाषांतराने काय केले ते पाहावे. शिओल हा एकच शब्द तिथे एकतीस वेळा कबर, एकतीस वेळा नरक आणि तीन वेळा खड्डा असा उतरवला आहे. साधारणतः सज्जन मेला की कबर आणि दुर्जन मेला की नरक, असा हा हिशेब आहे. मूळ लेखकाच्या मनात नसलेला न्यायनिवाडा अशा रीतीने भाषांतरकाराच्या लेखणीतून ग्रंथात शिरला आणि मिशनऱ्यांच्या प्रवचनांबरोबर जगभर गेला.

दरी पाहा

तिसऱ्या रकान्यासाठी नकाशा उघडावा लागतो, कारण गेहेन्ना ही खरीखुरी जागा आहे. जुन्या यरुशलेमेच्या दक्षिण-नैऋत्य अंगाला हिन्नोमाचे खोरे आहे. हिब्रूत त्याला गे-हिन्नोम म्हणत, ग्रीकमध्ये त्याचे गेहेन्ना झाले, आणि तोच शब्द अरबीत जाऊन जहन्नम बनला. रागाच्या भरात "जहन्नममध्ये जा" असे म्हणणारा मराठी माणूस नकळत यरुशलेमेच्या वेशीबाहेरचा पत्ता सांगत असतो.

या दरीतल्या तोफेत नावाच्या ठिकाणी लोकांनी आपली मुले-मुली अग्नीत होमली, असे यिर्मया ७:३१ सांगतो, आणि देवाच्या तोंडी तिथे असेही शब्द आहेत की मी अशी आज्ञा कधी दिली नाही, ते माझ्या मनातही आले नाही. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकल्याचे २ राजे २३:१० मध्ये आहे. मुलांना जाळण्याची जागा म्हणून ज्या दरीचा संदेष्ट्याने धिक्कार केला, तिचेच नाव पुढे देवाच्या शिक्षेच्या अग्नीला मिळाले. नास्तिकाला वादात वापरायला हा मुद्दा मोहक वाटतो; पण तो टोमण्यासारखा वापरण्यापेक्षा यिर्मयाचा सातवा अध्याय समोरच्याबरोबर बसून सबंध वाचणे अधिक परिणामकारक ठरते, असा माझा अनुभव आहे.

इथे एक सावधगिरी बाळगावी. "गेहेन्ना म्हणजे यरुशलेमेचा कचरा डेपो, तिथे कायम आग धुमसत असे, येशू त्याबद्दल बोलत होता" असे स्पष्टीकरण विश्वासी आणि नास्तिक दोघेही बिनदिक्कत देतात. या गोष्टीचा लेखी माग इ. स. १२०० च्या सुमारास नार्बोन येथील रब्बी दावीद किम्ही यांच्या स्तोत्रसंहितेवरील टीकेपर्यंत लागतो, म्हणजे येशूनंतर बाराशे वर्षांपर्यंत. प्राचीन काळातला आधार तिला नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे पुरावा मागणाऱ्याने निदान स्वतः तरी ऐकीव गोष्ट पुढे सरकवू नये. त्या दरीविषयी पुराव्यानिशी काही सांगायचेच असेल तर १९७९ सालचे सांगावे: तिच्या वरच्या उतारावरील एका थडग्यात पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांना चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, आणि त्या उलगडल्यावर त्यांवर गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद कोरलेला निघाला. बायबलच्या मजकुराचा आज ज्ञात असलेला हा सर्वांत जुना लेखी नमुना मानतात. गेहेन्नाच्या काठावर सापडला तो शाप नव्हता, आशीर्वाद होता.

नव्या करारात गेहेन्ना बारा वेळा येतो. त्यांपैकी सात उल्लेख मत्तयात, तीन मार्कात, एक लूकात आणि एक याकोबाच्या पत्रात आहे. प्रेषित पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदाही नाही. पापाचे वेतन मरण आहे, एवढे म्हणून तो थांबतो (रोमकरांस पत्र ६:२३). योहानाच्या शुभवर्तमानातही गेहेन्ना सापडत नाही. ही मोजणी स्वतः करावी, कारण स्वतः मोजलेले माणूस विसरत नाही.

एक उतारा सावकाश

सगळा ग्रंथ एका दमात वाचू नये. मार्क ९:४३ ते ४८ एवढाच उतारा घेऊन एक संध्याकाळ बसावे. हात पाप करायला लावत असेल तर तो तोडून टाक, दोन हात घेऊन गेहेन्नात जाण्यापेक्षा थोटा होऊन जीवनात जाणे बरे. मग पाय, मग डोळा, अशी ती रचना आहे. काही आवृत्त्यांत ४४ व ४६ ही वचने कंसात किंवा तळटीपेत गेलेली दिसतील. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. अठ्ठेचाळिसावे वचन नकलनविसांनी मागे दोनदा आणखी उतरवले, असे दिसते. भीती वाढवायची झाली की पालुपद वाढते, हे कीर्तन ऐकणाऱ्याला निराळे सांगायला नको.

आता ते अठ्ठेचाळिसावे वचन: जिथे त्यांचा किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही. हे शब्द यशयाच्या अगदी शेवटच्या वचनातून आले आहेत, म्हणून लगेच यशया ६६:२४ काढावे. तिथे लोक बाहेर जाऊन देवाविरुद्ध बंड करणाऱ्यांची प्रेते पाहतात. किडा आणि अग्नी प्रेतांना लागले आहेत, जिवंत, वेदना जाणणाऱ्या माणसांना नव्हे. यशयाचे हे चित्र रणांगणाच्या दुसऱ्या दिवसाचे आहे, तर मार्कात तेच शब्द शिक्षेच्या इशाऱ्यासाठी आले आहेत. एकाच ओळीचा अर्थ संदर्भ बदलताच किती सरकतो, हे एवढ्या एका उताऱ्यावरून कळते, आणि पुढचे सर्व वाचन याच पद्धतीने करता येते.

लूक १६ मधील श्रीमंत मनुष्य आणि भिकारी लाजर यांची गोष्ट निराळ्या रकान्यात जाते, कारण तिथे शब्द हेडीस, म्हणजे शिओलचा ग्रीक पर्याय, आहे. मेलेल्या श्रीमंताचे भाऊ अजून जिवंत आहेत, म्हणजे शेवटचा न्याय व्हायचा आहे, आणि तरीही तो यातना भोगतो आहे. त्याचा अपराध कोणता हेही गोष्ट उघड सांगत नाही. तुला आयुष्यात सुख मिळाले आणि लाजराला दुःख, आता फासा उलटला, एवढेच अब्राहाम त्याला म्हणतो. प्रकटीकरण २०:१४ मध्ये हेच हेडीस मरणासकट अग्निसरोवरात फेकले जाते. नरकच नरकात टाकला गेला, असे भाषांतर केले तर वाक्याला अर्थच उरत नाही. मराठी भाषांतरकारांनी "अधोलोक" हा वेगळा शब्द योजला ते शहाणपणाचे झाले. त्याच अध्यायात सैतानही या सरोवरात टाकला जातो, तेव्हा सैतान नरकाचा मालक असल्याची समजूत इथेच सोडून द्यावी. तो तिथला कैदी आहे.

आपल्या सोयीचे वाचन टाळा

एवढे वाचून झाल्यावर नास्तिकाला एक वेगळाच मोह होतो. "म्हणजे बायबलमध्ये नरक नाहीच, तो सगळा चर्चने मागाहून घातला" असे जाहीर करून मोकळे व्हावेसे वाटते. तसे करणे हीदेखील लबाडीच आहे. मत्तय २५:४६ मध्ये एक जण सार्वकालिक शिक्षेत आणि दुसरा सार्वकालिक जीवनात जातो, आणि दोन्हीकडे विशेषण एकच आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने नेमके यावरच बोट ठेवले: जीवन अंतहीन मानता, तर शिक्षा का मानत नाही? प्रकटीकरण २०:१० मध्ये रात्रंदिवस, युगानुयुग पीडा असे स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला मत्तय १०:२८ मध्ये आत्मा आणि शरीर या दोहोंचा गेहेन्नात नाश होण्याची भाषा आहे, आणि यहूदाच्या पत्रात सदोम नगराला सार्वकालिक अग्नीची शिक्षा झाली असे म्हटले आहे, जरी सदोम आज जळत नाही. याच वचनांच्या बळावर सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती दुष्टांचा समूळ नाश मानतात. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन तर सर्वांचा अखेरीस उद्धार होईल या आशेपर्यंत पोहोचला होता. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरक म्हणजे माणसाने स्वतःलाच देवापासून कायमचे तोडून घेणे अशी व्याख्या आहे, आणि त्याच ग्रंथात नरकाची सार्वकालिकताही कायम ठेवली आहे.

या भांडणात पंच होण्याची नास्तिकाला गरज नाही. त्याने एवढेच नोंदवावे की शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या या ग्रंथसंग्रहात मरणोत्तर शिक्षेविषयी एकमत नाही, आणि कल्पना बदलत गेल्याची कारणे इतिहासात सापडतात. इ. स. पू. १६७ मध्ये सीरियाचा ग्रीक राजा अँटायोकस चौथा याने यरुशलेमेचे मंदिर विटाळले आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांनाच ठार मारले. आज्ञा पाळणारा सुखी होतो हा जुना हिशेब तिथे कोसळला. दानीएल १२:२ मध्ये मेलेल्यांतले काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी उठतात, ते वचन याच काळातले आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूच्या काळातही सदूकी हा यहूदी पंथ पुनरुत्थान मानत नव्हता. नरकाचा उगम क्रौर्यात आहे असे मी पूर्वी धरून चाललो होतो. आता मला वाटते की त्याचा उगम न्याय न मिळालेल्या माणसांच्या आक्रोशात आहे, आणि क्रौर्य ती कल्पना सत्ताधाऱ्यांच्या हाती गेल्यावर आले.

विश्वास नसणे हा गुन्हा आहे का, हे स्वतंत्रपणे तपासा

नास्तिकाशी थेट संबंध आहे तो याच प्रश्नाचा. मार्क १६:१६ म्हणते, विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतो तो तरेल, विश्वास ठेवत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल. हे वचन मार्काच्या शेवटच्या ज्या बारा वचनांत आहे ती सीनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन्ही हस्तलिखितांत नाही. तरीही प्रकटीकरण २१:८ मध्ये अग्निसरोवराच्या वाटेकऱ्यांत विश्वास न धरणारे आहेतच, तेव्हा हस्तलिखितांच्या आड लपता येत नाही. उलट मत्तय २५ मधील न्यायाच्या दिवशी कोणालाही त्याचे मत विचारले जात नाही. भुकेल्याला खायला दिले का, उघड्याला पांघरूण दिले का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढीच चौकशी होते. हे उतारे एकाच पानावर समोरासमोर लिहून ठेवावेत.

विश्वास ठरवून बसत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. लाख रुपये देऊ केले तरी पौर्णिमेच्या चांदण्यात उभे राहून आज अमावास्या आहे असे मला मनापासून वाटणार नाही. फार तर मी तसे बोलेन. धाकाने मिळते ते बोलणेच. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहिले की ही शिकवण खरी मानली तर माझे वडील, भाऊ आणि जवळजवळ सर्व जिवलग मित्र कायमच्या शिक्षेस पात्र ठरतात, आणि अशी शिकवण धिक्कारार्ह आहे. १८८२ मध्ये तो वारल्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या श्रद्धाळू पत्नीने, एमाने, हा भाग छापू नये अशी टीप लिहिली. अविश्वासासाठी अनंतकाळची शिक्षा या मताविरुद्ध कितीही कडक बोलले तरी थोडेच, पण आता फार थोडे लोक त्याला ख्रिस्ती धर्म म्हणतील, असे लिहून तिने पुढे जोडले: शब्द तिथे आहेत खरे. १८८७ च्या आवृत्तीत तो भाग गाळला गेला, आणि १९५८ मध्ये नात नोरा बार्लो हिने तो परत घातला. एमाच्या त्या शेवटच्या चार शब्दांइतका प्रामाणिकपणा मला दोन्ही बाजूंच्या वादकांत क्वचितच आढळला आहे.

घरात बोलताना

अंत्यविधीच्या दिवशी, आजारपणात, किंवा चारचौघांत हा विषय काढू नये. मी तो एकदा आजोबांच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी काढला. आत्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, तिने विचारले, "तू मेल्यावर कुठं जाशील रे?" मी क्रूर देवावर पंधरा मिनिटे भाषण दिले. ती मध्ये बोलली नाही, फक्त डोळे पुसत राहिली, आणि लसणाच्या हाताने पुसल्यामुळे ते आणखीच चुरचुरू लागले. तिच्या लेखी नरक म्हणजे आग नव्हती. आजोबा जिथे भेटतील तिथे मी नसेन, ही भीती होती. तिने सिद्धान्त विचारलाच नव्हता.

म्हणून उत्तर देण्याआधी प्रश्नामागची धास्ती ओळखावी. "तसे काही नसते" म्हणण्याऐवजी "तुला काय वाटते, तिथे कोण असेल?" असे विचारावे आणि मग गप्प बसावे. पुढच्या खेपेला मी तसे केले. "नाव घेऊ नये कुणाचं, ते देवाचं काम," आत्या म्हणाली. फार थोडे विश्वासी ओळखीच्या माणसाला नरकात पाठवायला तयार असतात, आणि त्यांना तसे करायला भाग पाडून काही हाती लागत नाही. वचन सांगायचे तर पाठ म्हणून दाखवू नये, त्यांच्याच शास्त्रातून त्यांनाच वाचायला द्यावे. आपण सांगितलेल्या ओळीच्या मागचे-पुढचे त्यांना ठाऊक असते, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावे लागते.

मी मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढून दिला. तिने चष्मा लावून एकतिसाव्या वचनापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचले, आणि वर पाहून म्हणाली, "मग यात विश्वास कुठं गेला?" मी काहीच बोललो नाही. तिने पाने उलटली, रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय काढला, विश्वास ठेवशील तर तारण पावशील असे सांगणाऱ्या नवव्या वचनाखाली नखाने रेघ ओढली, मत्तयाच्या पानात लसणाच्या टोपलीतला कागद खुणेला घातला, आणि शास्त्र मिटून माझ्याकडे सरकवले. "दोन्ही वाच," ती म्हणाली, "आणि पुढच्या रविवारी ये."